रीलचं तेलपाणी कुणी करायचं?



सभासदांकडून आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "नवीन रील कुठलं घेऊ?" आणि आमचा उलटा प्रश्नही ठरलेला असतो, "जुन्याचं काय झालं?" उत्तरं तीच तीच येतात. जाम झालं. हँडल उलटं फिरायला लागलं. आतून करकर येते. ड्रॅग धरत नाही, नाहीतर सुटतच नाही. मग आम्ही विचारतो की त्याला शेवटचं तेल कधी घातलं होतं. समोरचा हसतो. "तेल? त्याला पण तेल घालतात?"

घालतात, भाऊ. सायकलच्या चेनला घालता, शिलाई मशीनला घालता, दाराच्या बिजागरीला घालता. मग हजार-दोन हजारांच्या वस्तूला का नाही?

आमचं म्हणणं दोन वाक्यांत सांगतो, मग पुढे वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा. घरोघरी कोपऱ्यात पडलेल्या बंद रीलांपैकी बऱ्याच रीलांना नवीन पार्ट लागत नाही, तासभर वेळ, जुना टूथब्रश आणि चिमूटभर ग्रीस लागतं. आणि हे काम प्रत्येकाने घरी एकट्याने चाचपडत करण्यापेक्षा संस्थेत एका टेबलावर, सगळ्यांच्या समोर व्हायला पाहिजे. पहिल्या वाक्याला कुणाची हरकत नाही. दुसऱ्याला आहे, आणि बैठकीत त्यावर चांगलीच वादावादी झाली. म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी हे मान्य करू की आपल्यात जाळेवाले जास्त, काठी-रीलवाले कमी. मही असो, नर्मदा असो, ठेक्याचे तलाव असोत, मुख्य कमाई जाळ्याचीच. पण गळावर मासे धरणारेही आहेत. कुणी मरळ, शिवडा यांच्यामागे, कुणी रोहू-कटल्यासाठी पिठाचे गोळे लावून बसणारे, कुणी सुट्टीत खंभातच्या आखाताकडे उतरणारे. काहींची ती हौस आहे, काहींचं रात्रीचं कालवण त्यावर असतं. दोघांचंही रील बंद पडलं की नवं घ्यायला पैसा खिशातूनच जातो.

आम्हाला गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. जाळं फाटलं तर आपण फेकतो का? नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून, सुई आणि तंगूस घेऊन, भोक भरून काढतो. आठ वर्षांच्या पोरालाही ते येतं. तोच हात रीलचा स्क्रू काढायची वेळ आली की घाबरतो. कारण जाळं उघडं असतं, काय फाटलंय ते दिसतं. रील ही बंद डबी. आत काय आहे माहीत नाही, म्हणून आत काहीतरी जादू असणार असं वाटतं.

आत जादू नाही. आत साधारण घड्याळ आहे, फक्त मोठ्या दातांचं. हे नुसतं म्हणायला म्हणत नाही. स्वीडनची आबू कंपनी, जिची रीलं आज जगभर नावाजलेली आहेत, ती १९२१ मध्ये घड्याळं बनवण्यासाठी निघाली होती. पुढे टॅक्सीचे मीटर बनवले आणि त्यानंतर रीलकडे वळली. ज्यांना बारीक दातांची चाकं कापता येत होती, त्यांना रील जमलं. फिरकीसारखं उघड्या स्पूलचं रील, म्हणजे आपण ज्याला स्पिनिंग म्हणतो त्याचा पूर्वज, इंग्लंडच्या इलिंगवर्थ नावाच्या माणसाने १९०५ साली पेटंट केला. तेव्हापासून आजपर्यंत आतला हिशोब तोच आहे. हँडल फिरवलं की मोठं चाक फिरतं, मोठं चाक पितळी छोट्या चाकाला फिरवतं, छोटं चाक बाहेरच्या रोटरला गरगर फिरवतं, आणि मधला दांडा स्पूलला वरखाली करतो म्हणजे तंगूस सारखा गुंडाळला जातो. झालं. मांडवीजवळ एखादा जुना घड्याळ दुरुस्त करणारा अजून बसत असेल तर त्याला रील उघडून दाखवा, पाच मिनिटांत समजावून सांगेल.

आता मुद्द्याचं. रील मरतं कशाने?

लोक म्हणतात गंजाने. अर्धं बरोबर आहे. आपल्या भागात रीलचे तीन शत्रू आहेत: वाळू, गाळ आणि मीठ. गंज त्यांच्या मागून येतो.

वाळू म्हणजे महीच्या पात्रातली. काठी जमिनीवर टेकवायची सवय असते. मासा लागला की काढायच्या घाईत काठी वाळूत, रील वाळूत. एक कण हँडलच्या फटीतून आत जातो, ग्रीसमध्ये रुततो, आणि मग ते ग्रीस ग्रीस राहत नाही, घासायची पेस्ट होते. प्रत्येक फेऱ्याला गिअरचा दात थोडा थोडा झिजतो. म्हणून सगळ्यात स्वस्त देखभाल म्हणजे इंग्रजी वाय अक्षरासारखी फाटेवाली फांदी काठाला रोवा आणि काठी तिच्यावर टेकवा. याला एक पैसा लागत नाही.

मीठ. इथे बरेच जण म्हणतील, बडोदा काय समुद्रावर आहे का? (एके काळी बडोदा संस्थानाला समुद्रही होता बरं का. ओखामंडळ गायकवाडांकडे होतं, आणि तिथल्या समुद्री जीवांचा अभ्यास जेम्स हॉर्नेल या तज्ज्ञाकडून करवून त्याचा अहवाल संस्थानाने १९०९ मध्ये छापला होता. असो.) शहर समुद्रावर नाही हे खरं. पण आपले लोक कावी-कंबोईकडे जातात, दहेजच्या बाजूला जातात, महीच्या मुखाकडे उतरतात. खंभातच्या आखाताची भरती जगातल्या मोठ्या भरत्यांपैकी, दहा मीटरच्या आसपास पाणी चढतं-उतरतं. ते पाणी खारं तर आहेच, वर गाळाने चहासारखं असतं. म्हणजे मीठ आणि गाळ एकदम.

आणि नर्मदा? "नर्मदेचं पाणी गोड, रील धुवायची गरज नाही," असं सांगणारे काका आमच्या ओळखीचे आहेत. चांदोदला बसत असाल तर ठीक. पण भरूचच्या खाली तसं धरून चालू नका. वरून येणारं गोडं पाणी कमी झालं तसं खारं पाणी नदीत वर चढायला लागलं, हे तिथले कोळी आणि शेतकरी कितीतरी वर्षं सांगत आहेत. भाडभूतला बंधारा बांधायचं ठरलं त्यामागे हे खारं पाणी अडवणं हे एक मोठं कारण आहे. तिथला पाला, ज्याला गुजरातीत चाक्सी म्हणतात, पूर्वीसारखा राहिला नाही ते दुखणं वेगळं आणि फार मोठं आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहू. रीलपुरतं बोलायचं तर भरूचहून परत येताना रीलला समुद्रावरून आल्यासारखंच वागवा. शंका असेल तर काठाचं पाणी बोटावर घेऊन ओठाला लावा.

मिठाचा खरा त्रास पाण्यात नाही, घरी आल्यावर होतो. पाणी सुकतं, मीठ आत राहतं. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी पावसाळ्यात पाझरते ना, तसंच ते रीलच्या आतलं मीठ हवेतली ओल ओढून घेतं. म्हणजे तुम्ही रील कपाटात ठेवलंय, मासेमारी बंद आहे, आणि आत मात्र गंजण्याचं काम चालू आहे. त्यात रीलमध्ये ॲल्युमिनियम, पितळ, स्टील अशा वेगवेगळ्या धातू एकमेकांना चिकटून असतात. खारट ओलीत त्यांची बारीक बॅटरी तयार होते आणि त्यातला कमजोर धातू खाल्ला जातो. स्टीलच्या स्क्रूभोवती पांढरी पूड दिसते ती हीच.

म्हणून मीठ आधी पाण्यानेच काढायचं. तेलात मीठ विरघळत नाही. न धुता वरून तेल मारलं तर मिठावर झाकण घातल्यासारखं होतं. इथे आणखी एक खबरदारी. धुणं म्हणजे नळीचा फवारा मारणं नव्हे. जोराचं पाणी मीठ बाहेर काढण्याऐवजी फटींतून आत ढकलतं. बादलीत बुडवूनही ठेवू नका. ड्रॅगची चकती आधी घट्ट आवळा म्हणजे वॉशरमध्ये पाणी जात नाही, मग झाडाला घालायच्या झारीने हलकं पाणी सोडा, ओल्या कपड्याने पुसा, झटका, आणि सावलीत वाळवा. वाळलं की ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा. हे शेवटचं सगळे विसरतात. आवळलेल्या ड्रॅगमधले वॉशर महिनोन् महिने दबून बसतात, मग एकदम सुटतात किंवा सुटतच नाहीत. मोठा कटला पहिली धाव मारतो तेव्हा ड्रॅग अडकला की तंगूस तुटतो. मासा गळ तोंडात घेऊन गेला, तुटलेला तंगूस पाण्यात राहिला, त्यात पुढे कासव नाहीतर बगळा गुंतणार. म्हणजे नुकसान फक्त तुमचं नाही.

आणि हो, हे धुणं घरी करा. नदीवर ओणवं होऊन, संध्याकाळी, पाण्यात हात घालून रील चोळत बसायचं नाही. विश्वामित्रीत आणि आजव्यात मगरी आहेत हे बडोद्याच्या माणसाला सांगायला नको, पण काठावर बसलेला माणूस माशाच्या नादात विसरतो.

गाळाबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण तो आपल्या घरात शिरलेला आहे. ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री शहरात आली तेव्हा ज्यांची घरं पाण्यात होती त्यांनी आधी माणसं आणि कागद वाचवले, ते योग्यच. काठ्या-रीलं खालीच राहिली. पाणी ओसरल्यावर चिखलात सापडली. लोकांनी हातात घेतली आणि पहिली गोष्ट काय केली? हँडल फिरवून पाहिलं. चालतंय का बघू म्हणून.

नेमकं तेच करायचं नसतं. गाळ भरलेलं रील फिरवणं म्हणजे जात्यात खडे घालून दळणं. पुरात किंवा तलावात बुडालेलं रील मिळालं की हँडलला हात लावू नका. स्पूल काढा, बाहेरचा चिखल साध्या पाण्याने जाऊ द्या, मग झाकणाचे स्क्रू काढून उघडा, जुनं ग्रीस चिखलासकट काढून टाका, भांड्याच्या साबणाचं पातळ पाणी करून ब्रशने धुवा, पुन्हा साध्या पाण्याने, आणि पंख्याखाली रात्रभर. उन्हात तापत ठेवू नका. ड्रॅगचे वॉशर साबणाच्या पाण्यात टाकायचे नाहीत, ते वेगळे काढून नुसते पुसायचे. नवं वंगण घातल्यावरच हँडल फिरवायचं. त्या पुरानंतर कितीतरी रीलं भंगारात गेली, आणि भंगारवाल्याने ती किलोच्या भावाने घेतली. एवढ्यासाठी तरी हे टेबल हवं, असं आमचं मत तेव्हाच झालं.

आता तेल आणि ग्रीस. इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

एक साधा नियम धरा. जे भराभर आणि हलकं फिरतं त्याला तेल. जे हळू फिरतं पण जोर खातं त्याला ग्रीस. बेअरिंग, हँडलची मूठ, तंगूस ज्या छोट्या रोलरवरून जातो तो रोलर, तारेच्या कडीचे दोन सांधे, यांना तेल, आणि तेही एक थेंब. एक म्हणजे एकच. जास्त घातलेलं तेल फिरताना उडतं, तंगूसवर जातं, ड्रॅगमध्ये जातं, आणि उन्हाळ्यातली आपली धूळ त्यावर छान बसते. आतलं मोठं चाक आणि पितळी चाक यांच्या दातांना ग्रीस, पातळ थर, ब्रशने. पोळीला तूप लावतो तेवढं. डबी गच्च भरायची नाही. गच्च ग्रीस भरलेलं रील जानेवारीच्या पहाटे फिरवून बघा, विहिरीचा रहाट ओढल्यासारखं वाटतं.

एक जागा मात्र अशी आहे जिथे ग्रीस अजिबात जाता कामा नये. हँडल उलटं फिरू नये म्हणून आत बारीक रोलर असलेला एकदिशा क्लच असतो. त्याला ग्रीस लागलं की रोलर चिकटतात, पकडत नाहीत, आणि हँडल उलटं फिरायला लागतं. आमच्याकडे आलेल्या "हँडल उलटं फिरतं" या तक्रारींमध्ये दरवेळी पार्ट तुटलेला नसतो, कुणीतरी प्रेमाने ग्रीस कोंबलेलं असतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्या क्लचला फार तर अगदी पातळ तेलाचा अर्धा थेंब. स्वतः समजत नसेल तर तो उघडायचाच नाही, त्यातल्या स्प्रिंगा उडाल्या की घरभर शोधत बसाल.

ड्रॅगचं गणित वेगळं. फेल्टचे वॉशर असतील तर ड्रॅगसाठीच बनवलेलं ग्रीस थोडं लागतं. कार्बनचे असतील तर काही कंपन्या कोरडे ठेवायला सांगतात, काही ड्रॅगचं ग्रीस लावायला. डब्यात आलेला कागद फेकला नसेल तर तो बघा. नसेल तर निदान तिथे साधं तेल घालू नका.

आता स्प्रे. निळ्या-पिवळ्या डब्यातलं डब्ल्यूडी-४० मारलं की रील सुरू होतं, हे खरं आहे. म्हणून लोकांना ते औषध वाटतं. नाव नीट बघा. ते अमेरिकेत १९५३ साली पाणी हटवण्यासाठी बनवलेलं मिश्रण आहे. चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून नावात ४०. पाणी हटवणं, अडकलेला स्क्रू सोडवणं, गंज सैल करणं या कामांना उत्तम. पण त्यात पातळ करणारं द्रावण जास्त असतं. रीलच्या आत मारलं की ते आतलं चांगलं ग्रीस विरघळवून बाहेर काढतं, दोन दिवस रील लोण्यासारखं फिरतं आणि मग दातावर दात घासतात. आम्ही त्याच्या विरोधात नाही. ते साफ करायला वापरा, पुसून टाका आणि त्यावर खरं वंगण घाला. वंगण म्हणून वापरू नका, एवढंच.

घरगुती तेलांबद्दलही सांगून टाकतो, कारण आपण मराठी माणसं खोबरेलावर फार विश्वास ठेवतो. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. बडोद्याची डिसेंबरची रात्र आठवा. सकाळी बाटली उन्हात ठेवल्याशिवाय डोक्याला तेल मिळत नाही, मग बेअरिंगला कुठून मिळणार? मोहरीचं, शेंगदाण्याचं तेल काही महिन्यांत चिकट होतं, डिंकासारखं. गाडीतून काढलेलं काळं तेल तर नकोच, त्यात इंजिनाची झीज आणि काजळी असते. चांगला स्वस्त पर्याय घरातच आहे, शिलाई मशीनचं तेल. पातळ, स्वच्छ, खनिज. बाटली मात्र विचारून घ्या, नाहीतर घरातून वेगळीच तक्रार येईल. ग्रीससाठी पाण्याने न सुटणारं मरीन ग्रीस मिळालं तर सर्वात उत्तम, नाही तर चांगलं लिथियम ग्रीस चालतं. शेजारी कोयलीला १९६५ पासून एवढी मोठी रिफायनरी उभी आहे आणि आपली रीलं कोरडी, हे काही शोभत नाही.

सभासदांपैकी काहींचं म्हणणं असं की आमची रीलं सहाशे-आठशेची, त्यांना कसलं सर्व्हिसिंग? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. हे म्हणणं आम्ही हसण्यावारी नेत नाही. काही रीलं खरंच उघडण्याच्या लायकीची नसतात. झाकण चिकटवलेलं, गिअर मऊ धातूचा, पार्ट कुठेच मिळत नाही. गिअरचे दात गोल झाले असतील, दांडा वाकला असेल, तर त्यावर वेळ घालवू नका, स्क्रू आणि बेअरिंग काढून ठेवा आणि बाकी भंगार. पण स्वस्त रीलचीच गोष्ट घ्या. त्यात कारखान्यातून ग्रीस कमी आलेलं असतं, कधी एका बाजूला गोळा आणि दुसरीकडे कोरडं. अशा रीलला नवं असतानाच एकदा उघडून ग्रीस नीट पसरवलं तर ते जास्त चालतं. महागड्या रीलला आत चांगलं सील असतं, ते थोडी हयगय सहन करतं. स्वस्ताला ती सोय नाही. म्हणजे देखभालीची गरज गरिबाच्या रीललाच जास्त.

आणि मसाला बारा आण्यांचा नाहीच. ग्रीसची एक छोटी डबी कितीतरी रीलांना पुरते. महाग काय पडतं, तर एका माणसाने एका रीलसाठी सगळं सामान घेणं. बारीक पेचकसांचा संच, चिमटा, तेल, ग्रीस, बेअरिंग धुवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. हे पाचजणांनी पाच वेळा घेणं हा मूर्खपणा आहे. म्हणून टेबल.

वाद इथेच झाला. जाळेवाल्या काकांचा मुद्दा असा की संस्थेचा पैसा मुख्यतः जाळ्यांवर उभा आहे, तो काठीवाल्यांच्या हौसेवर का घालायचा? प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर असं की संस्थेने पैसा घालूच नये. जागा द्यावी, एक टेबल आणि एक दिवा. सामान वर्गणीतून घ्यावं आणि रील आणणाऱ्याने दरवेळी ठरलेली छोटी रक्कम डब्यात टाकावी. आणि ग्रीसची डबी, पाने, पेचकस हे काय फक्त रीललाच लागतात? पंपाला लागतात, वजनकाट्याला लागतात, काकांच्या सायकललाही लागतात.

दुसरा आक्षेप असा की कुणी तरी बिघडवलं तर? हा आम्हाला जास्त खरा वाटतो. म्हणून आमचं मत आहे की टेबलावर दुसऱ्याचं रील दुसऱ्याने उघडायचं नाही. ज्याचं त्याने उघडायचं, जाणकाराने शेजारी बसून सांगायचं. प्रत्येक टप्प्याला मोबाईलवर फोटो काढायचा. काढलेले पार्ट अंड्याच्या ट्रेमध्ये, काढले त्याच क्रमाने, पहिल्या खणात पहिला स्क्रू. बारीक वॉशर कुठल्या बाजूने होता हे फोटोत दिसलं पाहिजे, कारण एक कागदाएवढा पातळ वॉशर उलटसुलट झाला की सगळं रील जड होतं. बसवताना ट्रेच्या शेवटून सुरुवात. असं केलं तर बिघडायचा संभव कमी, आणि माणूस शिकून जातो. पुढच्या वर्षी तोच दुसऱ्याच्या शेजारी बसेल.

याच शहरात सयाजीरावांच्या काळात, १८९० मध्ये, कलाभवन सुरू झालं ते हाताने काम शिकवायला. शिक्षण म्हणजे फक्त पुस्तक नव्हे हे तेव्हा पटलेलं होतं. आज आपण बाजारात रील घेऊन गेलो की दुकानदार सांगतो, "याला आता काही होणार नाही, नवीन मॉडेल दाखवू?" त्याला दोष देत नाही, त्याचा धंदा विकण्याचा आहे. पण दुरुस्ती शिकवायचं काम त्याचं नव्हतंच. ते आपलं आहे.

वेळ कधीची, हाही प्रश्न आहे. आम्हाला जून बरा वाटतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून बंदी लागते, आखाताकडे जाणारे मोकळे असतात, नद्यांना पाणी येतं, काठावर बसणं धोक्याचं होतं. तेव्हा वर्षाचं पूर्ण उघडणं-धुणं करून टाकावं. दुसरी छोटी वेळ दिवाळीनंतर, पुन्हा काठ्या बाहेर पडण्याआधी. तेव्हा उघडायची गरज नाही, फक्त रोलर, मूठ आणि कडीच्या सांध्यांना थेंबभर तेल आणि एक तपासणी. तपासणी सोपी आहे. कापसाचा बोळा घ्या आणि रोलरवरून, कडीच्या तारेवरून, स्पूलच्या काठावरून फिरवा. जिथे कापसाचा धागा अडकेल तिथे खरवड आहे, आणि तिथेच तुमचा तंगूस रोज कापला जातोय. रोलर बोटाने फिरतो का पाहा. न फिरणाऱ्या रोलरवर तंगूस घासत घासत चर पाडतो, मग पिळा पडतो, आणि लोक तंगूसच्या कंपनीला शिव्या देतात.

जे लगेच करायला मागतात त्यांच्यासाठी: ज्यांची रीलं २०२४ च्या पुरापासून पिशवीत बांधून ठेवलेली आहेत त्यांनी ती तशीच आणावी, घरी फिरवून बघू नये. आतला गाळ आता दगड झालेला असेल, पण साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवून तो सुटतो की नाही ते एकत्र बघू. (बुडवायचं नाही असं वर म्हटलंय ते चालू रीलबद्दल. हे आधीच बुडून बसलंय, आणि तेही स्पूल आणि ड्रॅगचे वॉशर काढूनच ठेवायचं.)

टेबलाला हरकत असलेल्यांनी पुढच्या बैठकीत जरूर यावं आणि बोलावं. येणाऱ्या प्रत्येकाने आणायचं ते असं: आपलं रील, ड्रॅग सैल केलेला. एक जुना टूथब्रश. जुन्या बनियनचा स्वच्छ तुकडा, धागे न सुटणारा. फोटो काढता येईल एवढा चार्ज असलेला मोबाईल. आणि अंड्याचा रिकामा ट्रे असेल तर तोही, आमच्याकडे सध्या दोनच आहेत.